तापी डोळ्यासमोर अन् विहीर कोरडी : नदीकाठच्या गावातलं जगणं

तापीकाठ | ११ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचतो नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं गाव यावल तालुक्यात, तापीपासून चालत अर्ध्या तासावर. तीनेकशे उंबरे असतील. मारुतीचा पार, विकास सोसायटी, दूध डेअरी, चौथीपर्यंत शाळा, दोन किराणा दुकानं. मेडिकल नाही, बँक नाही, त्यासाठी फैजपूर नाहीतर यावल गाठायचं. मी सतरा वर्षं पुण्यात आहे. या आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठ दिवस आधी नानांचा फोन आला की सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला शेतगडी, थांबत नाही म्हणतोय, तू येऊन जा. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं अन् नवीन साल आखाजीलाच ठरतं, त्यामुळे तो दिवस हुकला की वर्षभर माणूस मिळत नाही. हा आमच्याकडे अकरा वर्षं होता, माझ्यापेक्षा जास्त त्याला आमचं वावर माहीत. त्याचा मुलगा जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लागला, मुलाने सांगितलं आता दुसऱ्याच्या बांधावर जायचं नाही. त्याचं बरोबरच आहे. आईने त्याला नवे कपडे दिले, नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी रजा टाकली, घरून काम करायची परवानगी काढली अन् दीड महिना इथेच आहे. पण धागा सालदाराचा नाही, पाण्याचा आहे.

आमच्या मळ्यात आजोबांनी खोदलेली विहीर आहे, चिरेबंदी. मोटेचं थारोळं अजून तसंच आहे. नाना सांगतात ते लहान असताना पन्नास-साठ फुटांवर पाणी लागायचं, पोरं उड्या मारायची. आज तळाला पिंपळाचं रोप आलंय. पहिला बोअर तीनशेला केला, तो गेला. दुसरा साडेचारशे, तो मार्चपासून उचक्या देतोय. आता बोअरवाला म्हणतो सहाशेला चला. अन् हे सगळं तापीपासून दोन-अडीच किलोमीटरवर! संध्याकाळी नदीवर जातो मी. तापी आमच्याकडे इतकी खोल वाहते की काठावर उभं राहिलं तर पाणी तीन मजले खाली दिसतं. ते आपसूक शेतात येत नाही, उचलावं लागतं, त्याला पाइपलाइन, मोटर, परवानगी, वीज, सगळं आलं. ज्यांची ऐपत होती त्यांनी पाच-पाच जणांत मिळून लाइन टाकल्या. आम्ही राहिलो. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले म्हणून टीव्हीवर दाखवतात, दोन दिवस नदी लाल होऊन नुसती धावत असते, सगळं गुजरातेतल्या उकाई धरणाकडे निघून जातं, अन् आमच्या विहिरीला त्याचा पत्ताही नसतो.

नाना ७४ वर्षांचे. जमीन नऊ एकर, त्यात पाच एकर केळी, बाकी कपाशी. माझा प्रश्न साधा आहे. सहाशेचा बोअर करून केळी चालू ठेवू, का केळी सोडू? अन् तुमच्या नदीकाठच्या गावात काय चाललंय तेही लिहा, कारण मला वाटायला लागलंय की हे आमच्या एकट्याचं नाही.

---

केळीबाग_रावेर | ११ जून, रात्री ११:२५

दादा, तुमच्या गावाचं नाव नाही लिहिलं तरी मला ते डोळ्यासमोर दिसलं, आमच्या रावेर तालुक्यात अशी पन्नास गावं आहेत.

आधी हिशोब करू. पाच एकर म्हणजे पाच बाय सहा फुटांवर लावली असेल तर सात हजाराच्या वर खोडं. मे महिन्यात एका खोडाला रोज वीस लिटरच्या आसपास पाणी धरा, तेही ठिबकवर. म्हणजे दिवसाला दीड लाख लिटर, रोज, दोन-अडीच महिने. तुमचा उचक्या देणारा बोअर हे देऊच शकत नाही. सहाशेचा देईल, पण किती वर्षं? शेजाऱ्याने सातशेचा केला की तुमचा बसला. आमच्याकडे भाऊ-भाऊ बोलेनासे झालेत या पायी.

दुसरं म्हणजे पूर्वीची केळी अन् आताची केळी वेगळी. आजोबांच्या वेळी बसराई, श्रीमंती, कंद लावायचे, पाटाने पाणी, दीड वर्ष बाग उभी. आता जी-नाइन जातीचं टिश्यू कल्चरचं रोप, अकरा-बारा महिन्यांत कापणी. माल एकसारखा निघतो, व्यापाऱ्याला तो आवडतो, पण लाड फार. थंडीत पारा घसरला की चरका, उन्हात घड सटकतात, पावसाळ्यात करपा अन् आता सीएमव्ही हा विषाणूचा रोग, कोवळी बाग उपटून बांधावर फेकलेली मी स्वतः पाहिली, स्वतःची पण. जूनच्या वादळात तर वर्षाचं पीक वीस मिनिटांत आडवं होतं.

भावाचं तर विचारूच नका. सकाळी बोर्ड लागतो, बऱ्हाणपूरचा भाव येतो, त्यावर फरक, सगळं कागदावर. प्रत्यक्षात गाडी शेताच्या तोंडाशी उभी असते, माल पिकायला आलेला असतो अन् व्यापारी म्हणतो एवढ्यात देतो का बोल. केळी घरात ठेवता येत नाही हे त्यालाही माहीत असतं.

तरी मी केळी सोडा म्हणणार नाही. आमचं घर, दोन बहिणींची लग्नं, माझं शिक्षण केळीवरच झालं. पाचाची दोन एकर करा, कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची केळीची लागवड) धरा, जूनची मृगबाग नको. बोअर नका करू.

---

निवृत्त_भुसावळ | १२ जून, सकाळी ६:५०

रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच भुसावळ-खंडवा लाइनवर. सावदा, निंभोरा, रावेर इथून केळीच्या वॅगन दिल्लीला जायच्या. सीझनला रात्रभर लोडिंग, कंदिलाच्या उजेडात हमाल घड लावायचे, वरून केळीचा वाळलेला पाला. त्या वासाने अजून झोपेतून जाग येते. दिल्लीतल्या माणसाला जळगाव हे नाव केळीमुळे माहीत झालं, २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या बॅचच्या लोकांनी पेढे वाटले होते.

दुसरी एक गोष्ट तापीकाठ यांच्या भागातली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, नेहरू अध्यक्ष. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया असल्या गावाकडच्या साहित्यातून मंडप सजवले होते. माझे आजोबा बैलगाडीने गेले होते. ते सांगायचे, पुढाऱ्यांची भाषणं अर्धी कळली नाहीत, पण एवढ्या माणसांना प्यायला पाणी कमी पडलं नाही हे त्यांना फार मोठं वाटायचं. म्हातारा माणूस ऐंशी वर्षं जगला अन् त्या अधिवेशनातलं त्याला पाणी आठवत होतं.

---

चोपड्याची_लेक | १२ जून, दुपारी २:१०

माहेर चोपडा तालुक्यात तापीकाठी, सासर नंदुरबारकडे. सगळे दादा लोक मोटर, बोअर, भाव यावर बोलताय, मी जरा घरातलं बोलते, कारण पाणी खाली गेलेलं आधी घरात कळतं.

आमचं माहेरचं घर धाब्याचं होतं, भिंती दीड हात जाड, वर मातीचं धाबं. चैत्र-वैशाखात बाहेर ४५ असायचं अन् आत माठाजवळ झोपलं तर गोधडी लागायची पहाटे. रात्री सगळे धाब्यावर, सातपुड्यात कुठे वणवा लागला तर त्याची रांग दिसायची. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकून चोपायची, ते काम बायांचं. आता स्लॅब आहे, कूलर आहे, कूलरला पाणी लागतं, नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. आखाजीला माहेरी गेले तर झोका बांधायला निंब राहिला नाही, पोरी लोखंडी पाइपला झोका बांधून गाणी म्हणत होत्या. म्हटल्या पण, आणि रडल्या पण, सासरी निघताना.

पण मुद्दा वेगळा आहे. तापीकाठ दादा, तुमच्या आजोबांच्या आधी तिथे काय पिकत होतं ते नानांना विचारा. मी सांगते, दादर. आमच्या भागातली रब्बी ज्वारी. नदीकाठची ती काळी खोल माती पावसाळाभर पाणी पिऊन बसते, भाद्रपद-आश्विनात पेरलं की नुसत्या ओलीवर येते, एक थेंब वरून द्यावा लागत नाही. भाकर अशी पांढरी अन् गोड की नुसती खावी. कडबा ढोरांना. कळण्याची भाकर अन् वांग्याचं भरीत तुम्ही शहरात फोटो टाकून खाता ना, त्या कळण्याला ज्वारी-उडीद लागतात अन् भरताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्या. आमच्या गावात मागच्या वर्षी दादर चार घरांनी पेरली. चार! माझी माय बाजारातून ज्वारी विकत आणते, तापीकाठी राहून. याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं कशाचंच वाटत नाही.

---

नवा_शेतकरी२६ | १२ जून, रात्री ९:०५

ताई, तुम्हनं बठ्ठं खरं शे, पन पोटले काय खावानं?

मराठीत लिहितो सगळ्यांसाठी: तुमचं सगळं खरं आहे, पण पोटाला काय खायचं? मी अमळनेर तालुक्यात बोरीकाठी शेती करतो, वय २६, बीए केलंय. दादर एकरी सात-आठ क्विंटल आली तर डोक्यावरून पाणी, भाव काय मिळतो सगळ्यांना माहीत आहे. पाखरं राखायला माणूस लागतो, कापायला माणूस मिळत नाही. माझ्याकडे कपाशी आहे, वेचणीला सातपुड्यातून पावरा-बारेला आदिवासी कुटुंबं येतात, त्यांची पोरं वावरात झोळीत असतात, त्यांना किलोमागे मजुरी द्यायची अन् गुलाबी बोंडअळीने अर्धी कवडी (किडकी, डागाळलेली) झालेली कपाशी खेडा खरेदीवाल्याला द्यायची. तरी कपाशीत रोख पैसा आहे म्हणून करतो.

लाइट आठवड्यातले तीन-चार दिवस रात्री. एक वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागतं, साप निघतात, आता बिबट्याचं पण ऐकू येतंय. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा मित्र असाच पाणी भरायला गेला, साप चावला, दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. तेव्हापासून माझी आई मी परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहते.

अन् लग्न. आमच्या गल्लीत तिशी ओलांडलेले नऊ पोरं बिनलग्नाचे आहेत, सगळ्यांना जमीन आहे. मुलीकडचे विचारतात नोकरी आहे का, मुलीच्या बापाला स्वतःला वीस एकर असते तरी. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी आपल्या बायकोला काय करावं लागलं ते पाहिलंय. पण मग दादर पेरा म्हणताना याचाही विचार करा.

---

चोपड्याची_लेक | १२ जून, रात्री ९:५०

भाऊ, तुझ्या मित्राचं वाचून हात थांबला. लवकर दुसरं काही लिहवत नाही.

तुझं म्हणणं पटतं. नऊच्या नऊ एकर दादर पेरा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण केळीचा एकर कमी केल्यावर त्या रानात परत पाणी मागणारं पीक घालू नका एवढंच म्हणते. अन् रात्री एक वाजता मोटर चालू करायला जावं लागत नाही, हा पण दादरचा एक भाव धर की.

---

पांझराकाठ | १३ जून, सकाळी ११:३०

साक्री तालुक्यातून. आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे, त्याबद्दल थोडं लिहितो, इथे जुळतंय.

नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल तर त्यात ज्याची ज्याची पट्टी आहे त्याने ऊसच लावायचा, पुढच्या फडात हंगामी, एक फड मोकळा, अन् मग दरवर्षी पाळी फिरणार. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते सगळे मिळून ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. तीन-चारशे वर्षं हे चाललं अन् भांडण पंचांपुढे मिटत होतं. माझे आजोबा पाटकरी होते. ते म्हणायचे स्वतःच्या भावाचं वावर असलं तरी पाळी आल्याशिवाय बारं उघडायचं नाही, अन् एकदा उघडलं नाही म्हणून भाऊ दोन वर्षं बोलला नाही त्यांच्याशी.

नंतर वर धरणं झाली, घरोघर विहीर-मोटर झाली, तेव्हा ज्याचं त्याने पाहायचं असं झालं. काही फड अजून चालतात, बरेच मोडले. केळीबाग दादांनी लिहिलंय ना शेजाऱ्याने सातशेचा केला की तुमचा बसला, तिथे मला आजोबा आठवले. पाटातलं पाणी दिसतं म्हणून त्याची वाटणी करता आली. बोअरचं दिसत नाही, तरी ते एकच पाणी आहे, सगळ्यांच्या वावराखालून सलग.

---

खालचं_पाणी | १३ जून, संध्याकाळी ७:१५

भूजलाच्या कामात आहे बरीच वर्षं, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं नदी जवळ म्हणजे विहिरीला पाणी. यावल, रावेर, चोपडा भागात तापीच्या उत्तरेला शेकडो फूट गाळाचा थर आहे. त्यात वाळूचा थर, मग पिवळ्या चिकण मातीचा, परत वाळू, असं एकावर एक. पाणी वाळूत असतं अन् चिकण माती त्याला झाकणासारखी असते, त्यामुळे वर कितीही पाऊस पडला, नदीला कितीही पूर आला तरी ते पटकन खाली उतरत नाही. अन् नदी स्वतः खोल, त्यामुळे काठचं पाणी उलट नदीकडेच ओढलं जातं. हे सगळं भरायचं कुठून, तर सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरातून सुकी, मोर, अनेर बाहेर येतात तिथे गोटे-वाळूचा पट्टा आहे, तिथे पाणी मुरतं. जंगल तुटलं, नाले पाटासारखे सरळ वाहायला लागले, अन् खाली आपण केळीला दिवसरात्र उपसतोय. भरणं कमी, उपसा जास्त.

तापी मेगा रिचार्जचा करार २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र-मध्य प्रदेशात झाला, तो याच पट्ट्यात पुराचं पाणी मुरवायचा आहे. चांगलं आहे, पण ते होईपर्यंत नाना थांबणार नाहीत. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून, त्यावर छोटे सिमेंट बंधारे बांधून पाणी मुरवलं, पिवळी माती फोडून खालच्या वाळूपर्यंत वाट करून दिली. ते सगळीकडे जसंच्या तसं करावं का यावर आमच्या लोकांत वाद आहे, पण गाळाच्या भागात त्यामागचं तत्त्व बरोबर आहे.

तापीकाठ, तुमची जुनी विहीर बुजवू नका. शेजारून नाला जातो का? पावसाचं पाणी आधी एका खड्ड्यात बसवायचं, गाळ खाली राहू द्यायचा, मग दगड-खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत. थेट वावरातलं पाणी सोडू नका, खतं-औषधं खाली गेली तर पुढच्या पिढीचं पिण्याचं पाणी नासेल. अन् बंद पडलेला तीनशेचा बोअर आहे ना, त्यालाही असंच गाळलेलं पाणी देता येतं.

---

पूर्णेकाठचा | १३ जून, रात्री ८:००

आम्ही वरच्या अंगाला, अकोल्याकडचे. पूर्णा पुढे चांगदेवला तुमच्या तापीला मिळते. आमच्याकडे खारपाणपट्टा, बोअरला पाणी लागलं तरी ते खारं. पिकाला देता येत नाही, माणसाला पिता येत नाही. तुमचं खोल गेलं तरी गोड आहे, ते जपा भाऊ.

---

तापीकाठ | १४ जून, रात्री ११:००

सगळ्यांचं दोनदा वाचलं, नानांनाही वाचून दाखवलं. पाटकरी आजोबांवर ते म्हणाले, अशी माणसं आमच्या गावात पण होती. दादरवर काही बोलले नाहीत, पण सकाळी उठून माळ्यावरची पेरणीची जुनी पाभर काढून पुसत बसले होते. नाल्याचं बघतो, आहे एक, विहिरीपासून दीडशे फुटांवर.

---

तापीकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, काय केलं ते सांगायला.

सहाशेचा बोअर केला नाही. केळीची पील (कापलेल्या खोडाच्या फुटव्याचं दुसरं पीक) ठेवली नाही, बाग कापल्यावर तीन एकर मोकळं केलं, दोन एकराला कांदेबाग धरणार. नाल्यावरून चारी काढली, खड्डा केला, गाळणी केली, जेसीबीचे अन् खडीचे मिळून तीस हजाराच्या आसपास गेले. गाळणी भरायला जुना सालदार रविवारी सुट्टी काढून आला, पैसे घेतले नाहीत. पहिल्या दोन पावसांत गाळणी तुंबली, वरची वाळू काढून परत धुवून टाकावी लागली, हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितोय, पहिल्या वर्षी वाळू जाड घ्या. पिंपळाचं रोप काढून पारावर लावलं.

ऑगस्टच्या पावसानंतर विहिरीत साडेअकरा फूट पाणी आहे. रोज थोडं उतरतं, म्हणजे मुरतंय. उचक्या देणारा बोअर सध्या तीन तास सलग चालतो. मार्चमध्ये काय होतं ते मार्चमध्ये सांगेन. शेजारचे दोघे येऊन बघून गेले, एकाने फोटो काढले, दुसरा म्हणाला माझ्या वावरातून चारी न्यायची असेल तर पुढच्या वर्षी ने. या शेजाऱ्याशी आमचं बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं.

मला पुण्याला परत जावं लागेल, दिवाळीनंतर. महिन्यातून आठ दिवस इथे, असं ऑफिसने मान्य केलंय. नानांना एकटं नऊ एकर झेपणार नाही, म्हणून कपाशीचा काही भाग बटाईने देतोय.

आता मोकळ्या तीन एकरातल्या दीड एकरात नानांना दादर पेरायची आहे. दुकानात मिळतं ते बियाणं त्यांना नको, गावरान पाहिजे म्हणतात, भाकर त्याचीच लागते म्हणे. पाच-सहा किलो पुरेल. कोणाकडे आहे का?

---

चोपड्याची_लेक | २१ सप्टेंबर, रात्री १०:३५

माहेरी आहे. आमचे दादा बियाण्यापुरती दादर पेरून घरचं ठेवतात दरवर्षी, निंबाचा पाला घालून कोठीत. आत्ताच फोन केला त्यांना, सहा किलो काढून ठेवतो म्हणाले, पैसे नको. चोपड्याहून यावलला यष्टी आहे, कंडक्टरकडे पिशवी देतील. पिशवीवर काय लिहायचं ते मला मेसेज करा, अन् नानांना सांगा वाफसा आला की लगेच पेरा, यंदा ओल चांगली आहे.